म्हाडाची 20 टक्के घरे आणि 'पाचवा हिस्सा गेला' ही ओरड

नकाशावाला: काल इथे कोणीतरी ठोकून दिले, "सरकार बिल्डरचा पाचवा हिस्सा फुकटात ओढते, म्हणून आपली घरे महाग." राहवले नाही, म्हणून लिहितो. नियम असा: मोठ्या महापालिकांत 4000 चौ.मी. किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बिल्डरने 20 टक्के बांधकाम लहान, स्वस्त घरांसाठी ठेवायचे आणि ती म्हाडाच्या सोडतीतून द्यायची. अहो, पण 20 टक्के कशाचे? मूळ एफएसआयचे, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येते त्या मूळ मर्यादेचे. नाशिकसारख्या 10 लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकेत, दाट वस्तीबाहेर 4000 चौ.मी.चा भूखंड घ्या. मूळ एफएसआय 1.10, म्हणजे 4400. त्याचे 20 टक्के 880 चौ.मी. घरे 30 ते 50 चौ.मी.ची, सरासरी 40 धरली तर 22 घरे. आता समोर 18 मीटरचा रस्ता असेल तर प्रीमियमचा (शुल्क भरून मिळणारा) 0.50 आणि टीडीआरचा (दुसऱ्या जमिनीचे विकत घेतलेले बांधकामहक्क) 0.90 चढवून 2.50 पर्यंत जाता येते. झाले 10,000. त्यात 880 म्हणजे 8.8 टक्के, आणि पूरक चटईक्षेत्र (बाल्कनी, जिने वगैरेंसाठीची वाढीव मुभा) अजून धरलेलेच नाही. चढवलेल्या एफएसआयवर एकही घर द्यावे लागत नाही. कुठला पाचवा हिस्सा?

वाळूसिमेंट: टीडीआर काय गोदावरीत वाहत येतो? रोख मोजून घ्यावा लागतो. आणि म्हाडाच्या घराचा भाव बघा: रेडी रेकनरचा (सरकारी दरपत्रकाचा) बांधकाम दर अधिक 25 टक्के, त्यातलाही 1 टक्का म्हाडाच्या प्रशासकीय खर्चाला. जमिनीचे शून्य. पार्किंगचे पोडियम, अग्निशमनाच्या टाक्या, प्रोजेक्ट लोनचे व्याज यात कुठे बसवायचे? घर तयार, तर सोडत निघत नाही. सोडत निघाली, तर विजेत्याला बँक उभी करत नाही, कारण भाजीवाल्याकडे फॉर्म 16 (पगारावरच्या कराचा दाखला) कुठला? त्या घरांना पूर्णत्वाचा दाखला नाही तर बाकीच्या इमारतींनाही नाही. कागदावर 8.8 मांडणे सोपे आहे.

पोटहिस्सा: रडगाणे पुरे. 4000 ची अट चुकवणारे 3900 चौ.मी.चे भूखंड आभाळातून पडतात का? एकच गट नंबर, तीन भावांच्या नावे तीन पोटहिस्से, तीन ले-आउट, तीन भागीदारी फर्म. आणि आत रस्ता एक, गेट एक, ब्रोशरही एकच! मंजुरीला चालू सातबारा जोडला की काम झाले. मूळ गटाचे फेरफार (मालकीबदलाच्या नोंदी) मागवा, मोजणी नकाशा शेजारी ठेवा, वाटणी कधीची आणि कशासाठीची ते लगेच कळते. या घरांवरून 2022 मध्ये विधिमंडळात नाशिक गाजले, तेव्हाच ही तपासणी सक्तीची करायला हवी होती.

वाळूसिमेंट: वाटण्या खऱ्याही होतात. प्रत्येक शेतकऱ्याला चोर ठरवू नका.

पोटहिस्सा: शेतकऱ्याला कोण म्हणतेय? ब्रोशर शेतकरी छापत नाही.

सेवाशुल्क: तुमचे भांडण चालू द्या, पण ताबा मिळाल्यानंतरचे कोणीच बोलत नाही. सोसायटीच्या आदर्श उपविधीत सेवाशुल्क घरटी समान. वॉचमन, जिन्याचे दिवे, ऑफिसचा खर्च 35 मीटरवाल्याला तेवढाच, 120 मीटरवाल्याला तेवढाच. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीची शिल्लक) तेवढे बांधकाम खर्चाच्या टक्केवारीने. सोसायटीऐवजी 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंद केली तर खर्च सामाईक मालमत्तेतल्या अविभक्त हिश्श्याप्रमाणे, तिथे लहान घर वाचते. बिल्डर कोणता मार्ग धरतो हे विजेत्याला विचारतो कोण?

चौथामजला: म्हणूनच त्यांची इमारत वेगळी, सोसायटी वेगळी आणि गेट मागून असते. त्यांच्याच भल्यासाठी.

सेवाशुल्क: भल्यासाठी! 22 घरांची वेगळी सोसायटी म्हणजे लिफ्टचा वार्षिक करार, पंप, टाकीसफाई सगळे 22 जणांत वाटायचे. एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा) आणि पाण्याची मुख्य लाइन मात्र सामाईक, तिचे बिल मोठी सोसायटी ठरवणार. सभेत मत नाही, बिल मात्र दर महिन्याला हजर. वर मागच्या गेटचे उपकार माना!

चौथामजला: मग काय, आमच्या स्विमिंग पूलमध्येही उतरणार का?

सेवाशुल्क: पूल नको हो, पुलाचे बिल नको. क्लब आणि पुलाचा हिशेब वेगळा, एसटीपीला स्वतंत्र वीजमीटर, पाण्याचा वाटा नळजोडांच्या संख्येवर, हे ताब्याआधी करारनाम्यात लिहून घ्या. मग मागचे गेट आणि पुढचे गेट, कुठलेही चालेल.

चौथामजला: वीजमीटरचे ठीक आहे. बाकी तुमचा सूर आवडला नाही.

नकाशावाला: धागा म्हाडावरून निघाला आणि पुलात बुडाला. माझ्या 8.8 ला अजून कोणी खोडलेले नाही.

वाळूसिमेंट: घ्या, खोडतो. 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर ना प्रीमियम, ना टीडीआर. तिथे तुमचे 8.8 पुन्हा 20 होतात. अभिनंदन.

नकाशावाला: मान्य. तसल्या बोळात 4000 चौ.मी.ची स्कीम टाकणारा बिल्डर सापडला की कळवा, हार घेऊन येतो.