बीपी आणि फॅटी लिव्हर : 'वय झालं की होतंच' किती दिवस ऐकायचं?

निमा_सातारा :
परवा इथे कुणी लिहिलं, "साठीनंतर बीपी असतंच, सोनोग्राफीत फॅटी लिव्हरही निघतंच. दोन्हींचा काय संबंध? सगळा लॅबवाल्यांचा धंदा." वाचून डोकंच फिरलं.

माझे बाबा ७१ वर्षांचे, दारूचा थेंब नाही, बारा वर्षं बीपीची गोळी चालू. मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली तेव्हा 'ग्रेड २ फॅटी लिव्हर' लिहून आलं. एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) नॉर्मल, म्हणून तो कागद घडी घालून गोळ्यांच्या पिशवीत गेला. तीन वर्षांनी फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) केला, तर लिव्हर कडक झालेलं!

शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की लिव्हरमध्ये चरबी साठते, आणि मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात म्हणून बीपीही चढतं. २०२३ मध्ये फॅटी लिव्हरचं वैद्यकीय नाव बदललं, त्याच्या निकषांत १३०/८५ किंवा त्याहून जास्त बीपी हाही एक आहे. फॅटी लिव्हरवाल्यांना सगळ्यात मोठा धोका हृदयाचाच असतो. आणि म्हणे संबंध नाही!

शिरीष_७४ :
ते मीच लिहिलं होतं. बीपी वीस वर्षं आहे, लिव्हर स्वच्छ. आमच्या सोसायटीत निम्म्यांना दोन्ही आहे, कारण पोटं सुटलीत. बीपीमुळे लिव्हर बिघडलं हे कुठे सिद्ध होतं? आणि वजन उतरवा म्हणता, आमच्या वहिनींनी नऊ किलो उतरवलं, आता जिना चढताना कठडा सोडवत नाही. मी रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेतो, ठणठणीत आहे.

मुक्ता_जे :
काका, काढ्याचं नाव काढू नका. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद छापली होती. माझ्या मावशीला कावीळ झाली तेव्हा घरात काढ्याचं पातेलं रोज उकळत होतं.

अंगणातली_वेल :
आयुष मंत्रालयाने तेव्हाच सांगितलं होतं, तशीच दिसणारी दुसरी वेल असू शकते. कावीळ काढ्यानेच झाली कशावरून? पेनकिलर खाऊन लिव्हर जातं, तेव्हा कुणी धागा काढत नाही.

मुक्ता_जे :
दुसरी वेल असेल तर बाजारातल्या पुडीत कुठली आहे हे तुम्ही ओळखणार? मावशी अठरा दिवस ॲडमिट होती. मला शिकवू नका.

निमा_सातारा :
धागा बीपीचा आहे हो! शिरीषकाका, वहिनींचं मान्य. या वयात नुसतं उपाशी राहून वजन उतरवलं की स्नायूही झडतात. डाळ, दही, अंडं हवं, थोडा व्यायाम हवा. पण बीपी असलेल्याने लिव्हर तपासूच नये, हे कसं चालेल? वय, एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट्स यांवरून फिब-४ चा आकडा निघतो, लिव्हर कडक होत असण्याचा धोका किती याचा अंदाज देणारा, फार खर्च नाही. आकडा मर्यादेच्या खाली असला की धोका कमी; पासष्टीनंतर ही मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात, म्हणजे उगाच घाबरवायलाही नको.

शिरीष_७४ :
प्लेटलेट्स आहेत माझ्या रिपोर्टात. आकडा काढून बघतो. काढा मात्र सुटणार नाही.

मुक्ता_जे :
निदान डॉक्टरांना सांगा तरी, काढा घेतो म्हणून. मावशीने सांगितलं नव्हतं.