फक्त गाथा वाचून जरथुश्ती धर्म कळतो का?

मुळामुठा : माझ्या मते पारशांचा हा धर्म समजायला आधी त्याचा प्रवर्तक जरथुष्ट्र याची मानली जाणारी सूक्तं, म्हणजे गाथाच वाचाव्यात, आणि त्या नंतरच्या विधिग्रंथांपासून वेगळ्या काढून. यस्न या यज्ञविधीत म्हटल्या जाणाऱ्या ग्रंथाच्या 72 अध्यायांतली ही 17 सूक्तं. भाषा ऋग्वेदाला इतकी जवळची की यस्न 44 वाचताना अंगावर काटा येतो : 'तत् थ्वा पेरेसा, एरेश मोइ वओचा, अहुरा.' संस्कृतात जवळपास तसंच उतरतं : तत् त्वा पृच्छामि, ऋजु मे वोच, असुर. हे तुला विचारतो, मला खरं सांग. सूर्यताऱ्यांची वाट कोणी आखली? चंद्र कोणामुळे वाढतो नि घटतो? वाऱ्याला, ढगांना वेग कोणी जुंपला? असा विचारणारा माणूस मला वेंदिदाद या नंतरच्या ग्रंथातल्या शुद्धी-अशुद्धीच्या नियमांत भेटत नाही. 1859 पासून पुण्यात संस्कृत शिकवणारे मार्टिन हाउग हेच म्हणाले होते : जरथुष्ट्राची स्वतःची शिकवण गाथांतच आहे.

हिंदूकॉलनी : साफ असहमत. हाउग यांचं म्हणणं पारशी सुधारकांना का भावलं, तेही सांगा की. 1843 मध्ये जॉन विल्सन या मिशनऱ्याने मुंबईत पुस्तक काढून पारशी धर्मग्रंथांवर झोड उठवली होती. 'ते नंतरचं, मूळ गाथा निर्मळ' हे उत्तर त्यावर सोयीचं पडलं. पण यस्न 33 मध्ये कवी स्वतःला 'झओतर' म्हणवतो, म्हणजे आपल्या वैदिक यज्ञातला 'होता' हा पुरोहित! आणि तुमच्याच यस्न 44 च्या शेवटाकडे जा. दहा घोड्या, एक घोडा आणि उंट, हे कबूल केलेलं दान मला मिळेल ना, असं तो विचारतो. ऋग्वेदातल्या दानस्तुती, म्हणजे यजमानाच्या दानाचं कौतुक करणाऱ्या ऋचा आठवा. यज्ञकर्म वगळलंत तर हा कवी अर्धाच हाती लागेल.

मुळामुठा : तो 'होता' म्हणजे पुरोहित असल्याचं मान्य, ते सांगायचं मी सोडलंच होतं. पण उंटाची ओळही 'तत् थ्वा पेरेसा'नेच सुरू होते. दान मागतानासुद्धा तो 'खरं सांग' म्हणतो. यज्ञ ऋग्वेदातही आहे, 'खरं सांग' हा हट्ट मात्र मला इथे जास्त दिसतो.

अगियारीजवळची : मी पारशी घरातली. आमच्या वर्षाचे शेवटचे पाच दिवस पाच गाथांच्या नावाचे : अहुनवद, उश्तवद, स्पेंतोमद, वोहुक्षथ्र, वहिश्तोइश्त. त्या दिवसांत दिवंगतांसाठी प्रार्थना होतात. माझ्या आजीला एका ओळीचाही अर्थ सांगता आला नसता, पण उच्चार चुकला तर ती मला पहिल्यापासून म्हणायला लावायची. यस्नाच्या जुन्यांतल्या जुन्या पोथ्या 1323 सालच्या. त्याआधीची कितीतरी शतकं हे शब्द मुख्यतः मोबेदांच्या, म्हणजे पारशी पुरोहितांच्या तोंडी, त्याच यस्नाच्या विधीत जगले. मुळामुठा, तुम्ही विधीतून वेगळ्या काढायच्या म्हणताय त्या ओळी तुमच्यापर्यंत त्या विधीनेच आणल्या. अर्थ जरूर वाचा, मीही आता वाचते आहे. पण आजीचं पठण नंतरची भर होती, हे मला पटत नाही.