पहिल्यांदा परदेशी जाताना भेट काय न्यावी? खाऊ, वस्तू, की काहीच नको?

भटकभवानी:
घरात कुणी पहिल्यांदा परदेशी निघालं की कपड्यांची बॅग राहते बाजूला, आधी "तिकडच्यांसाठी काय नेणार" यावर बैठका सुरू होतात. माझं मत सांगते, पटलं नाही तर भांडा. खाण्याचं काही नेऊ नका, शोभेचं नेऊ नका, काचेचं तर अजिबातच नको. कापडाचं न्या. पाउच, स्कार्फ, टेबलावर घालायचं कापड, घडीची पिशवी असं काहीही. चपटं असतं, फुटत नाही, वजन नसल्यात जमा, कस्टमला त्यात सहसा रस नसतो आणि नाहीच आवडलं तर समोरच्याला पुसायला तरी होतं (हसू नका, चालेल मला). आणि दोन-तीन नग जास्तीचे न्याच. कारण यादीतल्या लोकांपेक्षा यादीत नसलेलाच कुणीतरी खरी मदत करतो, शेजारची बाई किल्ली सांभाळते, ऑफिसातला कुणी पहिल्याच आठवड्यात बँकेत सोबत येतो, तेव्हा त्याला काय देणार?

खादाड_खंडू:
ताई, पुसायलाच द्यायचं तर टॉवेल न्या की सरळ! मी पूर्ण विरोधात. भेट संपली पाहिजे. खाऊ संपतो, तो कुठे ठेवायचा याची कटकट नाही, आवडला नाही तर कुणाला न सांगता दुसऱ्याला देता येतो. आणि नवीन ऑफिसात खाऊचा डबा उघडून मधल्या टेबलावर ठेवला ना की संध्याकाळपर्यंत अख्ख्या मजल्याला तुमचं नाव माहीत होतं, पाउच वाटून हे होणार आहे का? नियम असतात मान्य, पण वाचायचा कंटाळा म्हणून सगळा खाऊच बाद करायचा ही कुठली रीत. कोरडं, कंपनीचं सीलबंद, वर घटक छापलेले असं घ्या आणि बिनधास्त न्या.

नियमावर_बोट:
खंडू, "बिनधास्त" हा शब्द मागे घ्या. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, थोडे अपवाद सोडले तर, सीलबंद असलं तरी. मध मात्र स्वतःपुरता २ किलोपर्यंत चालतो. न्यूझीलंडमध्ये उलटं, तिथे मधच नको म्हणतात, आणि जोखमीची वस्तू पोचताना भरायच्या फॉर्मवर लिहिली नाही तर ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड तिथल्या तिथे. ऑस्ट्रेलियाही तसाच कडक. पण एक लक्षात ठेवा, या दोन्ही देशांत गुन्हा वस्तू आणण्यापेक्षा ती लपवण्याचा जास्त. फॉर्मवर "आहे" अशी खूण करून दाखवलं तर फार तर ती वस्तू काढून घेतात, दंड नाही.

आणि भटकभवानीताई, वस्तू नेली म्हणजे सुटलो असंही नाही हं. लाकूड, गवत, पिसं, शिंपले, बिया हे सगळं त्याच फॉर्मवर येतं. आमच्या ओळखीतल्या एकीने ऑस्ट्रेलियाला बियांच्या मण्यांची माळ नेलेली, तिथल्या तपासणीच्या बाईने हातमोजे घालून दिव्याखाली एकेक मणी फिरवून पाहिला, कुठे किडीचं बारीक भोक आहे का, पीठ गळतंय का. एका मण्यातून भुकटी सांडली, झालं, माळ गेली. बरोबरची कापडी पिशवी मात्र तिने उचलून नुसती झटकली आणि परत दिली.

भटकभवानी:
म्हणजे पिशवी जिंकली. पुढे बोला.

रिकामा_खिसा:
मला तर हा सगळा प्रकारच नको वाटतो. पहिल्यांदा जाणाऱ्याच्या बॅगेत, बऱ्याच तिकिटांवर मिळतात तेवढे २३ किलो धरले तर त्यात गरम कपडे, औषधं, कागदपत्रं, वर पुस्तकं, आणि तुम्ही त्याला भेटी भरायला लावताय. वर नातेवाईक आहेतच, "एवढं छोटं पाकीट आमच्या पुतण्याला दे हं". आणि ते पाकीट चिकटपट्टी लावून बंद! कृपा करून सांगतो, दुसऱ्याने बांधलेलं काहीही उघडून पाहिल्याशिवाय बॅगेत घालू नका, मामा असो नाहीतर काका, कारण विमानतळावर प्रश्न तुम्हालाच विचारतात की सामान तुम्हीच भरलंय का.

दुसरं म्हणजे भेट घेणाऱ्याची अडचण. अमेरिकेत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला कामाशी संबंध असलेल्या माणसाकडून एका वेळी २० डॉलरपर्यंतचीच भेट घेता येते, एकाच ठिकाणाहून वर्षाला ५० च्या वर नाही. बऱ्याच कंपन्या आणि विद्यापीठांचेही असे नियम असतात. तुम्ही प्रेमाने काहीतरी भारी काढणार आणि समोरचा प्राध्यापक कसनुसं हसत परत करणार, कशाला? रिकाम्या हाताने जा, स्थिरावलात की तिथेच कॉफी पाजा.

उंबरठा:
दादा, ऑफिसचं ठीक आहे पण कुणाच्या घरी आठवडाभर राहणार असाल तर? ते विमानतळावर घ्यायला येणार, खोली रिकामी करून देणार, तुम्ही त्यांच्याच फ्रिजमधलं खाणार आणि भेट म्हणून कॉफी? मी तरी नाही जाऊ शकत असं. काही ठिकाणी तर रिकाम्या हाताने जाणं चमत्कारिकच दिसतं. जपानमध्ये कुणाच्या घरी जाताना काहीतरी नेतातच, दोन्ही हातांनी देतात, घेणारे बऱ्याचदा समोर उघडतही नाहीत, त्यावरून आवडलं नाही असं समजायचं नसतं. तिथे चारचा संच मात्र टाळा, चार आकडा अशुभ मानतात. खंडूंच्या डब्याला तिथे मान आहे बरं का, फक्त आत एकेक तुकडा वेगळा बांधलेला हवा.

खादाड_खंडू:
बघा! आलं ना शेवटी खाऊवर!

नियमावर_बोट:
जपानमध्येही मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत खंडू, जरा हळू.

परदेशस्थ_मावशी:
मी घेणाऱ्यांच्या बाजूची, बरीच वर्षं बाहेर आहे, त्यामुळे जरा कडू बोलते. आमच्या दिवाणखान्यात एक खण आहे, नवीन येणाऱ्यांनी आणलेल्या छोट्या छोट्या मूर्त्या, चुंबकं आणि की-चेन सगळं त्यात. टाकवत नाही, मांडवत नाही. कुणी यायचं म्हटलं की आधी जुने फोटो पाहून त्यांनी काय दिलं होतं ते आठवायचं आणि ते बाहेर काढून ठेवायचं. हे ओझं तुम्हाला कुणी तोंडावर सांगणार नाही म्हणून मी सांगते.

कापडाच्या बाबतीत भटकभवानीशी सहमत. चेन असलेला एक जाड पाउच कुणीतरी आणला होता, त्यात आमच्या सगळ्या चार्जरच्या वायरी असतात, कडेची शिवण उसवली तेव्हा हाताने टाके घालून परत वापरात घेतला. पण सगळ्यात जास्त काय चाललं सांगू का, लहान मुलांची मराठी पुस्तकं! इकडे दुकानात मिळत नाहीत, मागवली तर टपालाचा खर्चच जास्त, आणि पातळ चित्रांची दोन पुस्तकं बॅगेच्या तळाशी सपाट बसतात. अर्थात ज्या घरात मराठी वाचणारं पोर आहे तिथेच. म्हणून सरळ विचारा ना आम्हाला काय हवंय ते. पहिल्यांदा येणारी मुलं विचारत नाहीत, म्हणे सरप्राइज जातं. जाऊ दे की!

उंबरठा:
मावशी, विचारलं की समोरून "काही नको गं, तूच ये" असंच उत्तर येतं, मग?

परदेशस्थ_मावशी:
मग दोन पर्याय देऊन विचार. "पुस्तक आणू की पाउच?" याला "काही नको" म्हणता येत नाही.

रिकामा_खिसा:
घरी राहायचं असेल तर एक वस्तू, एवढं मान्य करतो. पण भटकभवानींचे ते जास्तीचे नग मला अजून पटत नाहीत. एकाच छापाचे तीन पाउच एकाच ऑफिसात वाटले की दुसऱ्या दिवशी तीन टेबलांवर तीन सारखे पाउच, देणाऱ्याने गठ्ठ्याने आणलेत हे दिसतंच.

भटकभवानी:
दिसू दे ना, त्यात चोरी कसली! रंग वेगळे घ्या हवं तर. उरले तर स्वतः वापरा, कापड नासत नाही, खंडूंच्या डब्यासारखं महिन्याभरात मुंग्यांना घालावं लागत नाही.

एक राहिलं, बहुतेक जण इथेच फसतात. घरून चकचकीत कागदात गुंडाळून नेऊ नका. आत काय आहे ते पाहायचं असेल तर सुरक्षा तपासणीत किंवा कस्टममध्ये कागद फाडतातच, आणि मग अर्धवट फाटका कागद आणि लोंबणारी पट्टी घेऊन तुम्ही यजमानांच्या दारात उभे. कागद सपाट घालून न्या, पोचल्यावर बांधा. आणि केबिन बॅगेत असेल तर जॅम, मध, क्रीम, अत्तर हे सगळं तिथे द्रवच धरतात. २००६ पासून १०० मिलीची मर्यादा आहे, आता काही विमानतळांनी ती सैल केलीय पण वाटेत विमान बदलायचं असेल तर त्या भरवशावर राहू नका.

खादाड_खंडू:
बरं, तडजोड. ऑफिसला खाऊ, घरी पाउच. पण खाऊ मी नेणारच, सीलबंद, दुधाचा नाही मांसाचा नाही, फॉर्मवर ठळक लिहून.

नियमावर_बोट:
आणि वर घटकांची यादी इंग्रजीत हवी. शेंगदाणे, काजू, तीळ असेल तर डब्याशेजारी चिठ्ठी ठेवा, ऑफिसात कुणाला अॅलर्जी असते ते आपल्याला माहीत नसतं. कापडाला हे काही लागत नाही, एवढं ताईंच्या बाजूने नोंदवतो.

खादाड_खंडू:
तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात हो?

नियमावर_बोट:
कस्टमच्या.