अनुभव धागा : रखडलेली वाहतुकीची कामं आणि वरातीमागून घोडं

सोलापूर विमानतळाचं उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ ला झालं. पंतप्रधानांनी त्याच ऑनलाइन कार्यक्रमात पुण्याच्या जिल्हा न्यायालय ते स्वारगेट मेट्रोलाही हिरवा झेंडा दाखवला. पुणेकर त्याच दिवशी मेट्रोत बसले. आपल्याकडून गोव्याचं विमान उडालं ९ जून २०२५ ला आणि मुंबईचं १५ ऑक्टोबर २०२५ ला. मधले महिने होटगी रोडवर चकाचक टर्मिनल आणि बाहेर रखवालदार, एवढंच. त्याआधीचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. स्वस्त विमानप्रवासाच्या उडान योजनेच्या २०१७ च्या यादीत आपलं नाव होतं, विमानाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पडली १५ जून २०२३ ला. बोरामणीला नव्या विमानतळासाठी जमीन घेऊन ठेवली, तिथे माळढोक पक्ष्याच्या वनजमिनीचा प्रश्न आडवा आला.

उशीर सगळीकडेच होतो, त्यावर रडण्यात अर्थ नाही. मला वाटतं, आपल्याकडे कामं पैशापेक्षा क्रमामुळे जास्त रखडतात. जे आधी करायचं ते नंतर आणि फीत मात्र सगळ्यात आधी. तुमच्या बाबतीत काय झालं ते लिहा. बस, रेल्वे, पूल, मेट्रो, काहीही चालेल. सोलापूरकर असाल आणि पुण्या-मुंबईत अडकला असाल तर तिथलंही चालेल. कार्यालय, ठेकेदार किंवा माणसाचं नाव घेऊ नका. राजकारण नको, म्हणजे फारसं नको.

कुर्डुवाडीकर

मी दौंड लाइनवर अर्धं आयुष्य काढलंय, प्रवासी म्हणूनच. सिंगल लाइनच्या काळात आमची गाडी जेऊर, केम, पारेवाडी असल्या ठिकाणी क्रॉसिंगला उभी राहायची. समोरून मालगाडी, मग एक्स्प्रेस, मग पुन्हा काहीतरी. डब्यातली अनुभवी मंडळी खाली उतरून तंबाखू मळायची आणि सिग्नल पिवळा झाला की न धावता येऊन बसायची. नवीन माणूस मात्र घाबरून दारात लटकलेला.

दौंड ते गुलबर्गा हे सव्वादोनशे किलोमीटरचं दुहेरीकरण. काम तुकड्यातुकड्यांनी झालं. गंमत अशी की मधले तुकडे तयार झाले तरी गाडी वेळेवर येईना, कारण दोन दुहेरी तुकड्यांच्या मध्ये एक एकेरी राहिला की सगळ्या गाड्या तिथेच तुंबतात. शेवटचा भिगवण-वाशिंबे टप्पा ऑगस्ट २०२२ मध्ये जोडला गेला. त्या शेवटच्या टप्प्यात ब्लॉक, म्हणजे कामासाठी लाइन बंद, एवढे होते की पुण्याला जायचं म्हटलं की आधी गाडी रद्द आहे का ते बघायचं, मग बॅग भरायची.

पण एक कबूल करायला पाहिजे. चालू लाइनवर काम करणं सोपं नाही. गाड्या थांबवल्याशिवाय सिग्नलची जोडणी बदलता येत नाही. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईची वंदे भारत आली, ती लाइन दुहेरी झाल्यावर. इथे क्रम बरोबर होता. धागाकर्त्याला खोटं पाडतोय असं नाही, पण नोंद असू द्या.

अम्माची लेक

आम्ही कुंभारीकडच्या विडी घरकुलात राहतो. घरात तेलुगू, बाहेर मराठी, म्हणून शुद्धलेखन सांभाळून घ्या. अम्मा विड्या वळते. पानं-तंबाखू आणायचं आणि विड्या जमा करायच्या तर गावात जावंच लागतं. पूर्वी सिटी बस होती म्हणजे खरंच होती. पास होता, कंडक्टर ओळखीचा, पिशवी पायाशी ठेवू द्यायचा.

मग त्या केंद्राच्या योजनेतल्या नव्या गाड्या आल्या. मोठ्या, छान. काही दिवसांनी पेपरात आलं की बऱ्याच गाड्यांच्या चासीलाच, म्हणजे खालच्या सांगाड्यालाच, तडे गेलेत. गाड्या डेपोत उभ्या, कंपनी आणि महापालिकेचा वाद सुरू, आणि अम्मा शेअर रिक्षात. रिक्षावाला पुढे दोन, मागे चार बसवतो आणि पिशवीचे वेगळे पैसे मागतो. विडीचे पैसे किती सुटतात ते माहीत असणाऱ्याला हा हिशोब समजेल.

आता पीएम ई-बस सेवेतून शंभर इलेक्ट्रिक बस मंजूर झाल्यात. योजना ऑगस्ट २०२३ ची. बस चालवणाऱ्याला किलोमीटरमागे पैसे आणि डेपो, चार्जिंगची वीज ही सोय शहरानं उभी करायची, असं त्याचं गणित. म्हणजे डेपो नाही तर बस नाही. आमच्या रस्त्यावर मात्र सगळ्यात आधी काय आलं सांगू? स्टीलचा बसथांबा. त्यात आता भाजीवाली अक्का बसते. तिचं बरं झालं, ऊन लागत नाही.

नवी पेठ

लई भारी लिहिलंस ताई. त्या थांब्याच्या पाठीवर वाढदिवसाचे फ्लेक्स लावायची तरी सोय झाली की.

हिंजवडीत अडकलेला

मूळ बाळीवेस, मुक्काम वाकड. आमच्या पिढीतले निम्मे सोलापूरकर इथेच भेटतात, शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्सच्या रांगेत.

माण-हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रो, साधारण २३ किलोमीटर. काम २०२१ च्या शेवटी सुरू झालं, मुदत मार्च २०२५ ची होती, ती हुकली. त्याच्याही आधी, २०२० मध्ये, विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल पाडला. नवा दुमजली पूल बांधायचा होता, खाली गाड्या, वर मेट्रो. पाडला ठीक आहे, पण नव्याची एक बाजू उघडायला ऑगस्ट २०२५ उजाडला. मधली पाच वर्षं गणेशखिंड रस्त्यावर लोकांनी काय भोगलं ते तिथल्या ट्रॅफिक वॉर्डनला विचारा.

लोक म्हणतात मेट्रो आली की सुटेल. सुटेल की. पण काम चालू असताना बॅरिकेड कुठे लावायचं, कधी काढायचं, हे कोण ठरवतं? आमच्या कंपनीसमोर खांब उभा राहून वरचा गर्डर बसला, खालचं काम संपलं, तरी दोन्ही बाजूंचे पत्रे तसेच. आत नुसतं गवत आणि एक कुत्री, तिची पिल्लंही मोठी झाली. रस्त्याच्या दोन लेन त्या पत्र्यांनी खाल्ल्या होत्या. तक्रार केली तर उत्तर आलं, ‘सदर बाब संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे.’ पत्रे पुढे निघाले ते पालखीच्या आधी. कुणाच्या तक्रारीनं हे विचारू नका.

साइटवरचा माणूस

वरच्या मित्राला उत्तर देतो. मी मेट्रोच्या साइटवर ज्युनिअर इंजिनिअर होतो, आता सोलापुरात आहे. नाव विचारू नका.

पत्रे ठेवतात कारण एकदा काढले की परत लावायला वाहतूक पोलिसांची परवानगी नव्यानं घ्यावी लागते. म्हणून साइटवरचा प्रत्येक जण म्हणतो, राहू दे. उद्या ड्रेनेजचं झाकण करायचंय, परवा दुभाजक. तो परवा येत नाही.

खरा घोळ जमिनीखाली असतो. खांबाची जागा ठरली, नकाशात तिथे एक पाण्याची लाइन दाखवलेली. आम्ही हातानं खड्डा खणून बघतो, मशिन लावायच्या आधी. खाली निघाल्या तीन. एक चालू, एक जुनी बिडाची, कुणाची ते कुणालाच माहीत नाही, आणि वरून केबलचं जुडगं. आता ज्याची केबल तोच ती हलवणार, पैसे आपण भरायचे, आणि त्याचा ठेकेदार येणार त्याच्या सवडीनं. तोवर पाइलिंगचं, म्हणजे खांबाचा पाया खोल खणायचं, मशिन भाडं खात उभं. नाहीतर खांब सरकवा. खांब सरकला की ड्रॉइंग नवं, ड्रॉइंग नवं की मंजुरी नवी. लोकांना वाटतं कामगार झोपलेत. कामगार दुसऱ्या साइटवर गेलेले असतात, कारण इथलं रनिंग बिल, म्हणजे झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्यानं मिळणारं बिल, निघालेलं नसतं.

क्रमाबद्दल धागाकर्ता म्हणतो ते शंभर टक्के खरं आहे. जागा ताब्यात नसताना आणि खालच्या लाइन हलवलेल्या नसताना कार्यारंभ आदेश द्यायचाच नाही, एवढं एक पाळलं तरी निम्मा उशीर कमी होईल. पण तसं केलं तर भूमिपूजन दोन वर्षं पुढे जातं. ते कुणाला परवडतं?

पट्ट्यात आलेलो

जागा ताब्यात नसणं म्हणजे काय, ते आमच्याकडून ऐका. शहरातले दोन उड्डाणपूल तुम्हाला माहीत आहेत, एक जुन्या पुणे नाक्यावरून निघणारा, दुसरा जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला. आमचं दुकान त्यातल्या एकाच्या पट्ट्यात.

पहिल्यांदा मोजणीला आले तेव्हा वडील होते. त्यांनी चहा पाजला. शटरच्या बाजूच्या भिंतीवर लाल रंगानं बाण आणि आकडा काढून गेले. मग काही नाही. मग दुसरी मोजणी, आकडा वेगळा, बाण आणखी आत. पहिला बाण पुसला नाही, त्यामुळे गिऱ्हाईक विचारायचं, नक्की कुठपर्यंत पाडणार? मला काय माहीत!

पूल नको असं आमच्यापैकी कुणीच म्हणत नाही. पण बाण असलेल्या भिंतीवर माणूस रंग काढत नाही. गळकं छत दुरुस्त करावं का? फर्निचर करावं का? भाडेकरू मिळत नाही, बँक कर्ज देताना नाक मुरडते. मोबदला जेव्हा मिळेल तेव्हा मिळेल, पण ही मधली वर्षं कुठल्याच निवाड्यात धरत नाहीत. आम्ही शेवटी छत केलं. शेजाऱ्यानं नाही केलं, त्याचा माल दोन पावसाळे भिजला.

उत्तर सोलापूरकर

आमचं बी तसंच हाय, फक्त रानात. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वे, ८४ किलोमीटर. पहिला खर्च ९०४ कोटी धरला होता, आता तीन हजार कोटींच्या पुढं गेलाय. आई भवानीच्या दारात गाडी येणार म्हणून आम्हीबी खूश. धाराशिवकडून काम सुरू झालं, चांगलं हाय. हिकडं आमच्या रानातनं पट्टा गेला तर विहीर एका बाजूला आन् ऊस दुसऱ्या बाजूला. पाइपलाइन कुठनं न्यायची विचारलं तर सायब म्हणतोय, ते नंतर बघू. पाणी नंतर देऊन चालतंय का उसाला?

पंढरीकर

लोणंद-फलटण-पंढरपूर रेल्वेची चर्चा इंग्रजांच्या काळापासूनची. २०२१ मध्ये गाडी फलटणपर्यंत पोचली. वारकरी त्याच्या कितीतरी आधीपासून चालत पोचतात. एवढंच लिहायचं होतं.

जुळे सोलापूर

मी तक्रारखोर म्हणून बदनाम आहे, त्यामुळे माझ्याकडे कागद असतात. आमच्या भागातल्या रस्त्याच्या कामाबद्दल माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, बस. ‘काम का रखडलं’ असं विचारू नका, कारणमीमांसा देणं बंधनकारक नाही म्हणून अर्ज निकाली काढतात. कागद मागा. कार्यारंभ आदेशाची प्रत, कामाची मुदत, मुदतवाढीचे सगळे आदेश, आणि दंड आकारला असेल तर त्याची नोंद. पहिलं उत्तर गोलमाल आलं, अपील केलं, मग फाइल बघायला बोलावलं. अभिलेख पाहणीला जाताना सोबत एक माणूस न्या, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं उतरवून घ्यायचं.

करारात उशिराला दंडाची तरतूद होती. दंडाच्या रकान्यात ‘निरंक’, म्हणजे काहीच नाही. कारण प्रत्येक मुदत संपायच्या आत मुदतवाढ दिलेली, त्यामुळे कागदावर उशीर झालेलाच नाही. एका मुदतवाढीचं कारण ‘जलवाहिनी स्थलांतर’, ते वर साइटवरच्या भावानं सांगितलं तसंच, पटलं. दुसऱ्याचं कारण ‘अतिवृष्टी’. सोलापुरात! तेही ज्या वर्षी आमच्याकडे पाण्याचा टँकर आला होता त्या वर्षी.

धागाकर्ता

ते मुदतवाढीचे आदेश नावं झाकून इथे टाकता येतील का? आणि अर्जाचा मसुदाही द्या. ई-बसच्या डेपोसाठी तोच वापरू, अम्माच्या लेकीनं सही केली तर पहिला अर्ज तिच्या नावानं टाकू.