ओव्हरटेकला 'डी' की 'एम'?

ए-३०३: नमस्कार सोसायटीतली मंडळी. गाडीवाल्यांना एक विचारायचं होतं. आमची नवी गाडी एएमटी आहे, म्हणजे क्लच पेडल नाही, गिअर आपोआप पडतात. रहिमतपूर रोडला उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलं की ओव्हरटेकसाठी अ‍ॅक्सिलेटर दाबतो, गाडी क्षणभर गप्प बसते आणि मग उचलते. ऑफिसातला एक जण म्हणतो, 'डी'त (ड्राइव्ह, गिअर गाडीच टाकते) ठेवू नको, 'एम'ला (मॅन्युअल) घे आणि गिअर हातानं टाक, पिकअप वाढतो. खरंय का?

बी-१०५: शंभर टक्के. मी एमलाच चालवतो. रॉकेट!

आप्पा (सी-१०१): रॉकेट न्हाय, आवाज वाढतो. हातानं गिअर टाकला म्हणून इंजिन जास्त ताकद कुठनं आणणार? इंजिन तेच, गिअर तेच.

बी-१०५: आप्पा, फरक जाणवतो पण.

आप्पा: जाणवणारच. का ते सांगतो. डीत कॉम्प्युटर मायलेजच्या मागं असतो. साठच्या स्पीडला गाडी चौथ्या-पाचव्यात नेऊन ठेवतो, इंजिन दोन हजार आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्या) पेंगत असतं. तू पाय दिलास की त्यानं ठरवायचं, क्लच सोडवायचा, गिअर काढायचा, खालचा घालायचा, परत क्लच बसवायचा. एएमटी म्हणजे आपला साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाच्या जागी यंत्र बसवलंय, एवढंच. २०१४ ला सेलेरिओत पहिल्यांदा आलं आपल्याकडं. क्लच एकच, त्यामुळं गिअर बदलेपर्यंत चाकाला ताकद मिळतच नाही. एमला घेतलंस तरी ही मधली गॅप तेवढीच राहते. फक्त तू ती ट्रॅक्टरच्या मागं असतानाच उरकून घेतोस. रस्ता मोकळा दिसायच्या आत खालचा गिअर, मग पाय.

ए-३०३: म्हणजे पिकअप वाढत नाही, उशीर आधीच होऊन जातो.

आप्पा: बरोब्बर.

सर (बी-१०२): आकड्यात सांगतो. दुसऱ्या गिअरचं प्रमाण १.९ आणि चौथ्याचं ०.९५ धरा. त्याच स्पीडला चौथ्यात २००० आरपीएम असेल तर दुसऱ्यात ४०००. टॉर्क (इंजिनचा फिरवायचा जोर) दोन्हीकडं ११० न्यूटन-मीटर धरला, तर २००० ला ताकद निघते २३ किलोवॅट आणि ४००० ला ४६. चाकावरची ओढ दुप्पट. गाडी पळते ती याच्यामुळं. गिअर कुणी टाकला हे चाकाला कळत नाही.

बी-१०५: मग पहिल्यातच ठेवतो की कायम!

सर: ठेवून बघा. वरच्या आरपीएमला टॉर्क घसरत जातो, पुढं लिमिटर इंधन तोडतो. आणि इंजिन जादा फिरेल असं दिसलं तर बॉक्स तुमचं ऐकणारच नाही, बटण दाबा नाहीतर स्टिअरिंगमागचं पॅडल ओढा.

सेक्रेटरी: उद्या सकाळी टाकी सफाई. आजच पाणी भरून ठेवावे.

ए-३०३: आप्पा, आणि डीतच पाय पूर्ण खाली दाबला तर?

आप्पा: तेच सांगणार होतो. लोक घाबरत घाबरत अर्धा पाय देतात, मग गाडी बिचारी विचार करत बसते. पूर्ण दाबलं की किकडाउन. एक-दोन गिअर खाली येतो आणि मग लाल रेषेजवळ जाऊन स्वतःच वरचा टाकतो. हातानं टाकणारा बहुतेक वेळा एक तर लवकर टाकतो, नाहीतर लिमिटरला धडकतो. नुसतं पळवायचंच असेल तर डी आणि पूर्ण पाय, एमची गरज न्हाय.

वहिनी (बी-२०४): आमची सीव्हीटी आहे. तिला पॅडल आहेत, पण दाबून काही होतंय असं वाटत नाही.

सर: वहिनी, त्यात गिअर नसतातच. दोन पुली आणि मधे पट्टा. पॅडलवरच्या पायऱ्या सॉफ्टवेअरनं केलेल्या असतात. पूर्ण पाय दिला की सीव्हीटी इंजिनला जास्तीत जास्त ताकदीच्या आरपीएमवर धरून ठेवते. पायऱ्या घातल्या की तिथून हलवते, म्हणजे उलट थोडं नुकसानच. विल्यम्सनं १९९३ ला फॉर्म्युला वनच्या गाडीत सीव्हीटी बसवून चाचणी घेतली होती. १९९४ च्या नियमांनी त्यावर बंदी आली.

वहिनी: पण आवाज आधी, गाडी नंतर.

सर: हो, ती तक्रार खरी आहे.

ए-२०१: डीसीटीवाला हजर आहे. दोन क्लच. एकावर १-३-५, दुसऱ्यावर २-४-६. पुढचा गिअर आधीच लागून तयार असतो, म्हणून वर टाकताना गॅप जवळपास नाही. फोक्सवॅगननं २००३ ला गोल्फमध्ये आणलं. पण तिला वाटलं आता वरचा लागणार आणि मी अचानक पाय दिला, तर तिलाही आधी ती तयारी मोडावी लागते. तिथं मी आधीच एक खाली घेतो.

आप्पा: सगळे पिकअपवरच बोलताय. एमचं खरं काम उतारावर आहे. यवतेश्वर, पसरणी, केळघर कुठलाही घाट घ्या. डीत पाय काढला की बरेच बॉक्स वरचा गिअर घालतात, गाडी मोकळी सुटते, मग सारखा ब्रेक. यवतेश्वरहून खाली साताऱ्यात समर्थ मंदिरापाशी येईपर्यंत वास सुटतो आणि ब्रेक मऊ लागायला लागतो. एमला दुसरा-तिसरा लावून गाडी गिअरवर उतरवा, ब्रेक वळणापुरता. आणि कासच्या सीझनला चढावर लाइन लागते तेव्हा एएमटी-डीसीटीवाल्यांनी अ‍ॅक्सिलेटरवर गाडी धरून ठेवू नये. क्लच घासत राहतो, तापतो. ब्रेक दाबा नाहीतर हँडब्रेक ओढा.

वहिनी: सीव्हीटीला उतारावर काय करायचं?

आप्पा: 'एल' (लो) असेल तर एल, नाहीतर 'एस' (स्पोर्ट). नाहीतर तुमच्या त्या पॅडलनं खाली घ्या, तिथं ती कामाला येतात. आरपीएम साडेतीन-चार हजारावर गेला तरी घाबरायचं न्हाय. पाय काढलेला असला की तेव्हा इंजेक्टर बंद असतात, पेट्रोल जळत नाही.

बी-१०५: म्हणजे न्यूट्रलला सोडण्यापेक्षा कमी पेट्रोल?

आप्पा: कमी. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला थोडं तरी लागतंच. आणि तू यवतेश्वरहून न्यूट्रलला येतोस, ते मला ठाऊक हाय.