रेसगाडीला फायबरची स्प्रिंग: कॉइल की पट्टी?

चिंचोळी_शेड:
सोलापुरात कॉलेजच्या पोरांच्या फॉर्म्युला गाड्यांना (स्पर्धेसाठी बनवलेल्या छोट्या रेसगाड्या) स्टीलची कॉइलच का लावायची? ऑडीने 2014 मध्ये ग्लास फायबरची कॉइल आणली. स्टीलची 2.7 किलोची, ही 1.6 किलोची, वर गंजाची भीती नाही. काचेचे धागे इपॉक्सीत (घट्ट होणारं रेझिन) भिजवून ±45 अंशांत, म्हणजे दोन्ही बाजूंनी तिरके गुंडाळून इथंच करता येईल.

वायर_गेज:
दादा, मोठ्या गाडीचा हिशेब छोट्या गाडीला लावू नका. आतला व्यास 36 मिमी, तार 7 मिमी, चालू (प्रत्यक्ष दबणारे) वेढे 6 धरा. स्टीलचा रेट (स्प्रिंग एक मिमी दाबायला लागणारा जोर) येतो सुमारे 50 न्यूटन प्रति मिमी. फायबरचा शिअर मॉड्युलस (पिळाला होणारा विरोध) 12 गिगापास्कलच्या आसपास, स्टीलचा 80. तेवढाच रेट हवा तर तार सव्वाबारा मिमीची लागते. वेढ्यांचं वजन 245 ग्रॅमवरून जेमतेम 205 वर येतं. आणि वेढ्याला वेढा भिडतो तो 42 ऐवजी 73 मिमीवरच! मग चाकाला वर जायला जागा कुठं उरली? चाळीस ग्रॅमसाठी एवढा खटाटोप पटत नाही.

पट्टीवाला:
हिशेब बरोबर आहे, पण तो कॉइलचा. कॉइल दाबली की तिची तार पिळली जाते; काच वाकवायची असते, पिळायची नव्हे. पट्टीत धागे सरळ लांबीत ताणले-दाबले जातात. शेव्हरलेच्या कॉर्वेट या स्पोर्ट्स कारने 1981 मध्ये मागे आडवी एकच ग्लासची पट्टी घातली, तिथं सुमारे 15 किलो वाचले. फक्त पट्टीला मध्ये भोक पाडू नका. धागे कापले जातात आणि तिथूनच थर सुटायला लागतात. वरखाली रबर पॅड ठेवून क्लॅम्प करा, कापलेल्या कडा इपॉक्सीने बंद करा.

वायर_गेज:
आणि मे महिन्यात? साध्या हार्डनरची (इपॉक्सी घट्ट करणारं रसायन) इपॉक्सी न भाजता वापरली तर 50-60 अंशांलाच मऊ पडते. आपल्याकडं उन्हात उभी गाडी, त्यात ब्रेकची धग. भाराखाली पट्टी हळूहळू बसणार, गाडी खाली येणार.

पट्टीवाला:
म्हणून तर हीट-क्युअरचा (उष्णतेनं घट्ट करणारा) हार्डनर घ्यायचा आणि साच्यातच ठेवून भाजायचं. ओव्हन हळूहळू 80 अंशांपर्यंत चढवा, सहा-आठ तास ठेवा, साच्यातच थंड होऊ द्या. घाईनं काढली की पट्टी पिळवटते. प्रत्येक प्रॅक्टिसनंतर ठरलेलं वजन टांगून झोक, म्हणजे पट्टी किती वाकते ते, मोजा. झोक वाढत चालला म्हणजे आतले थर सुटताहेत, पट्टी बदला.

चिंचोळी_शेड:
मग कॉइल सोडली. पण ट्रॅकवर रेट बदलायचा तर? कॉइल पाच मिनिटांत बदलते.

पट्टीवाला:
क्लॅम्पला लांबट खाच ठेवा. मोकळी लांबी 10 टक्के कमी केली की रेट सुमारे 37 टक्के वाढतो. मात्र तेवढ्याच हालचालीला पट्टीवरचा ताणही वाढतो, म्हणून जाडी सर्वांत आखूड लांबी धरून ठरवा.