पहिलीच क्रूझ (मुंबई-कोची-लक्षद्वीप) : आधीच काय बुक करू आणि काय सोडून देऊ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे नुसती वाचून जाणाऱ्यांतली, पण या वेळी खरंच डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतेय. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही क्रूझवर चाललोय. पहिल्यांदाच. घरातलं कोणी याआधी गेलेलं नाही, आमचा आजवरचा सगळा समुद्रप्रवास म्हणजे भाऊचा धक्का ते रेवस आणि गेटवे ते मांडवा, तोही सीगलना वेफर्स घालत.

माणसं सहा. मी, नवरा, लेक नववीत, मुलगा नऊ वर्षांचा, सासूबाई वय 74 आणि गुडघे त्याहून म्हातारे (हे त्यांचंच वाक्य), शिवाय नणंद, जिच्या डोक्यातून ही क्रूझ निघाली आणि जी पैसे भरून झाल्यापासून ऑफिसात बिझी आहे. दोन केबिन्स, एकीला बाल्कनी, दुसरीला नुसती खिडकी.

कार्यक्रम असा की बुधवारी संध्याकाळी बॅलार्ड पिअरहून निघायचं, गुरुवार अख्खा पाण्यात, शुक्रवारी सकाळी आठला कोची आणि पाचच्या आत सगळ्यांनी बोटीवर परत, शनिवारी लक्षद्वीपला अगत्ती, रविवार पुन्हा पाण्यात, सोमवारी सकाळी मुंबई.

आता खरी अडचण. ज्या एजंटकडून बुकिंग केलं (नाव लिहीत नाही) त्याने एक लांबलचक यादी पाठवलीय. दोन शोजची वेगळी तिकिटं, पैसे भरून जेवायचं वेगळं रेस्टॉरंट, स्पा, इंटरनेट पॅक, कोचीची हेरिटेज टूर, कोचीहून अलेप्पी हाऊसबोट, अगत्तीला स्कूबा, अगत्तीला स्नॉर्कलिंग, अगत्तीला काचेच्या तळाची होडी, आणि रोज व्हॉट्सॅपवर मेसेज की मॅडम आत्ताच घ्या, नंतर काही मिळणार नाही. सगळ्याची बेरीज मारली तर अजून दोन माणसं बोटीवर नेता येतील. मी विचारलं की बाबा यातलं तिकिटात धरलेलं काय आणि वरचं काय, तर म्हणे 'ऑल इन्क्लुझिव्ह आहे मॅडम, हे ॲड-ऑन आहेत.' म्हणजे काय ते त्यालाच ठाऊक.

जेवणाचं तर त्याहून गंमत. मोठ्या डायनिंग हॉलमध्ये रात्री दोन पाळ्या आहेत, साडेसहाची आणि नऊची, आत्ताच एक निवडायला सांगताहेत आणि मग पाचही रात्री तीच. आमच्याकडे सासूबाईंना साडेसातला ताट लागतं आणि लेक साडेनऊशिवाय जेवत नाही. शोजच्या वेळा अजून दिलेल्याच नाहीत, मग पाळी कशी ठरवायची?

बंदराच्या दिवसांवरून तर घरात दोन तट पडलेत. नवऱ्याला अलेप्पीच करायचंय, म्हणतो एवढं केरळला जाऊन हाऊसबोट नाही केली तर काय केलं. मला फोर्ट कोची निवांत फिरायचंय. एजंटच्या हेरिटेज टूरमध्ये मट्टानचेरीचा डच पॅलेस, ज्यूंचं सिनेगॉग, चर्च आणि चायनीज नेट्स असं आहे, तीच घ्यावी की आपली टॅक्सी करावी? अगत्तीला मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही, छोट्या होडीतून नेतात असं वाचलं, सासूबाईंचं काय करायचं? परमिटसाठी सगळ्यांचे आधार आणि फोटो एजंटने घेतलेत, अजून काही लागतं का?

बारीकसारीक : फराळ नेऊ देतात का (करंज्या डब्यात घातल्याशिवाय सासूबाई उंबरा ओलांडणार नाहीत), फोन लागतो का, आणि बोट लागणाऱ्यांनी काय करायचं. मला घाटात गाडीसुद्धा लागते. सासूबाईंची वेगळीच भीती. त्यांचं माहेर रेवसजवळचं, 1947 च्या जुलैत 'रामदास' बुडाली तेव्हा त्या जन्मल्याही नव्हत्या, पण गावातली कोणकोण त्या बोटीत होती ते त्यांच्या आईने इतक्या वेळा सांगितलंय की त्या अजून बोटीत चढताना डोळे मिटून घेतात. त्यांना काय सांगू तेही सुचवा.

प्रतिसाद : ठाणेकर

ताई, मी दोन वर्षांपूर्वी आईबाबांना घेऊन गेलो होतो, साधारण हाच रूट. आधी एजंटला ब्लॉक करा (गंमत हां, पण मेसेज म्यूट तरी करा). आत्ताच करायच्या गोष्टी दोनच, जेवणाची पाळी आणि चेक-इनचा फॉर्म. बाकी बरंचसं बोटीवर चढल्यावर रिसेप्शनच्या काउंटरवर मिळतं. फक्त जे एकच तुम्हाला हवंच हवं असेल, समजा लेकीला तो एक शो बघायचाच आहे, तर तेवढं आधी घ्या, आणि तेसुद्धा रद्द केल्यावर पैसे परत मिळतात का ते लेखी घेऊन.

पाळी डोळे झाकून साडेसहाची घ्या. नऊची घेतली तर मुलगा टेबलावर झोपणार आणि सासूबाई तुमच्याकडे बघत बसणार. लेकीला साडेनऊला भूक लागली तर बुफे उघडा असतो की, ती काही उपाशी राहत नाही, उलट आमची पुतणी पाच दिवसांत पिझ्झ्यावरच जगली. आणि पहिल्याच रात्री हॉलच्या मॅनेजरला भेटून शाकाहारी, जैन, उपास जे काय असेल ते सांगून ठेवा. आमच्या आईचा शनिवार असतो, मी बुधवारीच सांगितलं होतं, तर शनिवारी त्यांनी चक्क साबुदाण्याची खिचडी आणली, बरोबर टोमॅटो केचप. आईने केचप बाजूला सारलं पण त्या पोराला आशीर्वाद दिला.

पैशाचं वेगळं रेस्टॉरंट हवंच असेल तर पहिल्या रात्री घ्या, तेव्हा लोक बोट बघत हिंडत असतात, गर्दी नसते. स्पा हवा असेल तर कोचीच्या दिवशी दुपारी विचारा, सगळे खाली उतरलेले असतात म्हणून बऱ्याचदा सवलत निघते.

आता सामान. बॅलार्ड पिअरला मोठ्या बॅगा टॅग लावून घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी यायला चार-पाच तासही लागतात. आमची एक बॅग रात्री साडेनऊला आली. त्यात बाबांच्या बीपीच्या गोळ्या. तेव्हा औषधं, मुलाचे पोहायचे कपडे, एक स्वेटर (आत एसी भयानक असतो) आणि सगळ्यांची मूळ ओळखपत्रं खांद्यावरच्या पिशवीत. उलट शेवटच्या रात्री बॅगा अकराच्या सुमारास केबिनबाहेर ठेवायच्या असतात, सकाळी त्या थेट धक्क्यावर मिळतात. आमच्या शेजारच्या केबिनमधल्या काकांनी इतकी शिस्तीत बॅग भरली की सकाळी घालायला पँटच उरली नाही. पट्ट्यापट्ट्याचा लेंगा घालून उतरले बिचारे, वर ब्लेझर.

फोन किनारा सुटल्यावर तासाभरात गेला म्हणून समजा. त्यानंतर तो बोटीचं स्वतःचं नेटवर्क पकडू शकतो आणि त्याचं बिल बघून बोट न लागणाऱ्यालाही लागेल, म्हणून फ्लाइट मोड, आठवणीने, मुलांचेसुद्धा. यूपीआयवर विसंबू नका, केबिनचं कार्डच सगळीकडे चालतं आणि हिशोब शेवटी होतो. मुलाच्या कार्डावर खर्च बंद करून घ्या, पहिल्याच दिवशी. का ते विचारू नका.

प्रतिसाद : चकलीवाली

+1 साडेसहाच्या पाळीला. फराळाचं म्हणाल तर घरचं उघडं खाणं बऱ्याचदा गेटवरच काढून ठेवायला लावतात, दुकानातलं सीलबंद पाकीट असेल तर चालून जातं. करंज्या गाडीतच संपवा. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्डही नेऊ नका, स्कॅनरमध्ये दिसतं.

बोट लागण्याबद्दल : केबिन अजून बदलून मिळत असेल तर खालच्या डेकवरची आणि मधोमध असलेली मागा, टोकाला आणि वरती हेलकावा जास्त. बाल्कनीवाली सहसा वरतीच असते, तेव्हा तुम्ही स्वतः खिडकीवालीत झोपा. एव्होमिन त्रास सुरू झाल्यावर नाही, निघायच्या आधी घ्यायची असते, झोप येते तिने, आणि सासूबाईंना द्यायची तर त्यांच्या डॉक्टरला विचारूनच. पोट रिकामं ठेवू नका, आलेपाक जवळ ठेवा, आणि मळमळलं की मोबाइलमध्ये बघायचं सोडून डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघत बसा.

सासूबाईंना सांगा, रामदास भर जुलैत निघाली होती आणि वाटेत वादळात सापडली. क्रूझवाले भर पावसाळ्यात मुंबईहून सहसा निघत नाहीत.

प्रतिसाद : अर्धा मल्लू

नोकरीनिमित्त सहा वर्षं कोचीत काढलीत म्हणून लिहितो. तुम्ही कोचीला शुक्रवारी पोचताय ना? मट्टानचेरीचा डच पॅलेस शुक्रवारी बंद असतो. सिनेगॉग शुक्रवारी आणि शनिवारी दोन्ही दिवस बंद. म्हणजे त्या हेरिटेज टूरमधल्या चार गोष्टींपैकी दोन तुम्ही कुलूप बघून येणार. एजंटला हे विचारा आणि काय उत्तर देतो ते इथे लिहा, मला फार उत्सुकता आहे.

अलेप्पी विसरा. रस्त्याने साधारण पंचावन्न किलोमीटर, जायला दीड-दोन तास, यायला तितकेच, त्यात कुठे लग्नाची वरात नाहीतर मोर्चा लागला की संपलं. कंपनीच्या टूरला उशीर झाला तर बोट सहसा थांबते, तुमच्या टॅक्सीसाठी नाही थांबणार. धक्क्यावर उभं राहून आपलीच बोट जाताना बघायची असेल तर खुशाल जा.

त्यापेक्षा असं करा. बोट विलिंग्डन आयलंडला लागते, तिथून टॅक्सी अर्ध्या दिवसासाठी ठरवा, भाडं आधी बोलून. उतरायची गर्दी ओसरायला साडेनऊ होतील. आधी फोर्ट कोचीच्या चायनीज नेट्स, कारण दुपारी तिथे ऊन आणि वास दोन्ही असतं. मुलाला जाळं ओढायला द्या, तिथले मच्छीमार थोडे पैसे घेऊन ओढू देतात. मागे दोरांना मोठाले दगड एकाखाली एक टांगलेले असतात, जाळं पाण्यात उतरलं की ते दगड वर जातात आणि जाळं वर आलं की खाली, पोरं त्यावरच अर्धा तास काढतात. मग पाच मिनिटांवर सेंट फ्रान्सिस चर्च, वास्को द गामा 1524 साली कोचीत वारला तेव्हा त्याला इथे पुरलं होतं, 1539 मध्ये अवशेष लिस्बनला नेले, पण दगड अजून दाखवतात. नववीच्या इतिहासाला बरं. सिनेगॉग बंद असलं तरी ज्यू टाउनची गल्ली चालू असते, मसाल्याची दुकानं, जुन्या वस्तू, सासूबाईंना तिथे वेलची घेऊ दे. जेवून तीनपर्यंत परत फिरा. नोव्हेंबरात तिकडे परतीचा पाऊस असतो, दुपारनंतर धो धो येतो, छत्री न्या. तोप्पुमपडीच्या पुलावर ट्रॅफिक लागला तरी हाताशी दीड तास राहतो.

अगत्तीचं : प्रवाळाची कड आहे म्हणून मोठी बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहते आणि छोट्या होडीत उतरावं लागतं. होडी वरखाली होत असते, दोन माणसं हात धरतात, पण पाऊल टाकायचं ते आपणच. गुडघे दुखणाऱ्यांनी मी तरी नको म्हणेन. समुद्र खवळला तर उतरवणंच रद्द होतं, म्हणून तिथलं काहीही बाहेरच्या माणसाकडे आगाऊ भरू नका. मुलगा नऊचा, स्कूबाला सहसा दहा पूर्ण लागतात, तेव्हा स्नॉर्कलिंग. आणि किनाऱ्यावरची प्रवाळं खिशात घालू देऊ नका, गुन्हा आहे तो.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप खूप आभार. एजंटला शुक्रवारचं विचारलं. आधी दोन तास ब्लू टिक, मग 'मॅडम बाहेरून फोटो छान येतात.' नवऱ्याला तो मेसेज दाखवला, हेरिटेज टूर आणि अलेप्पी दोन्ही एकाच वेळी गेले.

ठरलंय ते असं : पाळी साडेसहाची. लेकीसाठी एकच शो, गुरुवारचा. कोचीत टॅक्सी. अगत्तीला आम्ही चौघं जाऊ, स्नॉर्कलिंग कंपनीकडूनच आणि रद्द झालं तर पैसे परत असं मेलवर घेतलंय. सासूबाई आणि नणंद बोटीवरच थांबतील. सासूबाईंना वाईट वाटेल असं वाटलं होतं, तर त्या म्हणाल्या, तुम्ही सगळे उतरलात की मी त्या गरम पाण्याच्या टाकीत बसेन, रांग नसेल.

@चकलीवाली, जुलैचं सांगितलं त्यांना. 'बरं' एवढंच म्हणाल्या, पण रात्री नवऱ्याला विचारत होत्या की लाइफ जॅकेट केबिनमध्ये असतं की मागायला लागतं. ते कोणाला माहीत असेल तर सांगा प्लीज.

प्रतिसाद : ठाणेकर

आमच्या वेळी केबिनच्या कपाटातच होती, माणशी एक. मुलाच्या मापाचं नसेल तर चढल्या चढल्या स्टाफकडून मागून घ्या. आणि निघायच्या आधी सगळ्यांना बोलावून ते घालायचं कसं हे दाखवतात, कंपल्सरी असतं. त्यांना पहिल्या रांगेत उभं करा.